किती येणार ते ठाऊक आहे

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात आमच्या बेळगावातल्या क्रेडिट सोसायटीच्या काउंटरवर एक बाई आल्या. वडगावच्या, घरात दोन माग. जेवणाची सुट्टी नुकतीच संपलेली, रांग नव्हती. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दोन पासबुकं काढली, एक आमच्या पिग्मीचं आणि एक बँकेचं. पिग्मी, म्हणजे रोज दारात येणाऱ्या माणसाकडे थोडे थोडे टाकून साठवलेली ठेव, ती मोडायची म्हणाल्या. मुदत भरायला थोडेच महिने राहिलेले, आत्ता मोडली तर व्याज तर नाहीच, वर मुद्दलातून थोडं कापून जाणार, हे मी सांगायला लागले तर त्यांनी हातानंच थांबवलं, त्यांना ते सगळं माहीत होतं. मग बँकेचं पासबुक उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि गृहलक्ष्मीच्या, म्हणजे कर्नाटक सरकार घरातल्या कुटुंबप्रमुख बाईला महिन्याला दोन हजार देतं त्या योजनेच्या, नोंदींवर बोट ठेवून म्हणाल्या, "मॅडम, ह्यात दोन हजार यायचे आहेत. किती येणार ते ठाऊक आहे मला. कधी येणार तेवढं बघून सांगा, मग मी मोडत नाही." बोटाला सुताचा निळा रंग लागलेला, नखांच्या कडेत पक्का बसलेला. पासबुकात नोंदी होत्या, सगळ्या दोन-दोन हजाराच्याच, पण एका महिन्यात दोन, मग बराच काळ काहीच नाही, मग परत एक.

मला ते सांगता येणार नव्हतं. कुणालाच आलं नसतं.

त्या पिग्मी मोडून पैसे घेऊन गेल्या, फॉर्मवर सही करताना नाव पूर्ण लिहिलं, आडनावासकट. मी पुढचं काम करत राहिले पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. संध्याकाळी बसमध्ये, रात्री भाकऱ्या थापताना, तेच. कारण महागाईवर, बजेटवर आपण वर्षभर जे काही ऐकतो ते सगळं "किती"वर असतं. किती लाख कोटींचं बजेट, किती टक्के वाढ, गॅस कितीला गेला, डाळ कितीला मिळते. टीव्हीवर चौकट करून दाखवतात, काय स्वस्त काय महाग. आणि इकडे काउंटरमागे बसून इतकी वर्षं मी बघतेय ते वेगळंच आहे. घर किती पैशावर चालतं हे तर आहेच, पण ते पैसे कुठल्या तारखेला हातात येतात यावर ते चालतं की अडतं ते ठरतं.

हे मला खरं तर लहानपणापासूनच माहीत असायला हवं होतं इतकं ते आमच्या घरात उघड होतं. आम्ही खासबागला राहायचो, बाबा उद्यमबागेत फौंड्रीत. पगार सात तारखेला. सात तारखेला बाबा घरात शिरले की जळक्या वाळूचा आणि तेलाचा वास यायचाच पण त्या दिवशी त्यात बटरपेपरमधल्या पावकिलो कुंद्याचा वासही मिसळलेला असायचा. तो कुंदा आई लगेच उघडायची नाही. आधी पैसे मोजायची, मग उठून फडताळातले डबे काढायची. डाळीच्या डब्यात लाईटबिलाचे, रव्याच्या डब्यात आमच्या फीचे, आणि पोह्यांच्या डब्यात ते पैसे ज्यांना हात लावायचा नाही. मग कुंदा. भिंतीवर कालनिर्णय, त्यावर दुधाच्या खुणा, ज्या दिवशी पाहुण्यांसाठी जास्त घेतलं त्या चौकोनात दोन रेघा. कधी फौंड्रीत ऑर्डर नसायची, पगार दोन-तीन दिवस पुढं जायचा, तर आईचा आवाज बदललेला मला कळायचा, ओरडायची नाही, उलट फार हळू बोलायची. मला वही घेऊन दुकानात पाठवायची. दुकानदार चांगला माणूस होता, साखर पुड्यात बांधता बांधता विचारायचा, "पगार कधी हाय म्हणाले बाबा?" कितीचा पगार हे त्यानं कधी विचारलं नाही. त्याला रकमेशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला ठोक मालवाल्याला रविवार पेठेत कधी पैसे द्यायचे ते ठरवायचं होतं.

आता भाववाढीचं बघा. ती कधी उशिरा येत नाही. 2025 सालचंच घ्या, 5 जानेवारीपासून कर्नाटकात बसभाडं 15 टक्क्यांनी वाढलं, 1 एप्रिलपासून नंदिनी दूध लिटरला चार रुपयांनी, त्याच दिवसापासून विजेच्या युनिटवर 36 पैशांचा, वीज कर्मचाऱ्यांच्या पेन्शन-ग्रॅच्युइटीसाठीचा अधिभार, त्याच आठवड्यात डिझेल दोन रुपयांनी, आणि 8 एप्रिलपासून सिलिंडर पन्नास रुपयांनी. प्रत्येकाला तारीख आहे. रात्री बारा वाजता लागू. सकाळी सहाला दूधवाला पोरगा गेटमध्ये पिशवी ठेवताना सांगतो, "आजपासून नवीन रेट हाय काकू," आणि त्याचं काही चुकत नाही, त्यालाही दूध सोसायटीनं त्याच रेटनं दिलेलं असतं. तेलाचं तर मला विसरताच येत नाही. 2024 च्या सप्टेंबरात केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं, 14 तारखेपासून, म्हणजे गणपती अजून बसलेले होते. आमच्या गल्लीतल्या दुकानात लगेच तेलाची पिशवी चढ्या भावानं. फळीवर तीच खोकी होती, आदल्या आठवड्यात उतरवलेली, मी बघितलेली. आणि मग पुढच्या वर्षी 22 सप्टेंबरला जीएसटी कमी झाला, साबण टूथपेस्ट 18 वरून 5 वर, पेपरात पानभर जाहिराती, तेव्हा त्याच दुकानात ऐकायला मिळालं, "जुना माल हाय, नवीन आला की कमी होईल." मी दुकानदाराला दोष देत नाही, त्याचं गणित त्याच्यापाशी. पण चढताना जुन्या मालाला नवीन भाव आणि उतरताना नव्या मालाची वाट, हे घर चालवणाऱ्या प्रत्येक बाईला पाठ आहे, तिला त्यासाठी अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

थोडक्यात, जाणारा पैसा तारखेनं जातो. येणारा आपल्या सवडीनं येतो.

ह्या सीमाभागात राहण्याची एक गंमत म्हणा की दुखणं म्हणा, आपल्याला एकाच वेळी दोन सरकारांचं बजेट कळतं. माझ्या दोन आत्या आहेत. थोरली निपाणीला दिलेली, म्हणजे कर्नाटकात, धाकटी कागलला, म्हणजे महाराष्ट्रात. मध्ये कोगनोळीचा टोलनाका. त्यांच्या लग्नाच्या वेळी हे अंतर म्हणजे काहीच नव्हतं, दोघी बहिणी जवळजवळ राहतील म्हणून आजोबांना बरंच वाटलेलं. आता थोरलीला गृहलक्ष्मीचे 2000, धाकटीला लाडक्या बहिणीचे 1500. थोरलीला आपल्या बशीत झिरो तिकीट, आधार दाखवायचं आणि बसायचं, पण ते राज्याच्या हद्दीपर्यंतच. पलीकडे एसटीत अर्धं तिकीट. म्हणून थोरली आत्ती बहिणीकडे जायला निघाली की कोल्हापूरच्या थेट बशीत बसतच नाही, गावातल्या साध्या बशीनं कोगनोळीला उतरते, तिथं पलीकडची गाडी बघते. वेळ दुप्पट लागतो. गुडघे दुखतात तरी. मामांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, मात्र झिरो तिकीट नाही, शिवाय भाडं वाढलेलं, म्हणून मामा आता फारसे येतच नाहीत, आत्ती एकटीच फिरते. आयुष्यभर जी बाई नवऱ्याला विचारल्याशिवाय माहेरी आली नाही ती आता वाट्टेल तेव्हा पिशवी उचलून येते, बेळगावलासुद्धा. मला ते बघून मनापासून बरं वाटतं. आणि मामा ओट्यावर एकटे बसलेले असतात ते आठवलं की तेही आत कुठंतरी लागतं.

थोरली आत्ती विड्या वळते. निपाणीत हे काही सांगायला नको, दर दुसऱ्या-तिसऱ्या घरात सूप घेऊन बसलेली बाई असतेच. तिच्या घरात शिरलं की तंबाखूचा तो कोरडा, घशाला लागणारा वास, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तेंदूपानांचा थोडा कुबट वास. पान मापाला कातरायचं, चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळून तटकन तोडायचा. बोलता बोलता चालतं, हाताकडे बघतसुद्धा नाही. म्हणजे बघत नव्हती. गेल्या काही वर्षांत छाट वाढायला लागली, म्हणजे कारखान्यात तपासताना बाजूला काढतात त्या विड्या, त्यांचे पैसे नाहीत. कितीतरी दिवस तिला वाटायचं तपासणाराच वाईट आहे. मग एकदा माझ्यासमोर सुईत दोरा ओवता येईना तेव्हा कळलं, डोळे. पण चष्मा काय लगेच घेतला नाही. विडीचे पैसे आठवड्याला येतात आणि आठवड्यालाच बाजारात जातात, त्यातून चष्म्याएवढे बाजूला पडतच नव्हते.

चष्मा गृहलक्ष्मीच्या पैशानं आला. आणि इथं माझं वर मांडलेलं गणित थोडं बिघडतं, ते मला लिहिलंच पाहिजे. मी तिला म्हटलं, आत्ती, बघ की, दर महिन्याला वेळच्या वेळी आले असते तर कधीच घेतला असतास चष्मा. तर ती सूप बाजूला सारून म्हणाली, "न्हाई गं बाय. म्हैन्याच्या म्हैन्याला आलं असतं तर दुधातनं गेलं असतं. तीन म्हैन्याचं एकदम आलं म्हणून माझ्या हाताला लागलं. मी कुणाला सांगितलोच न्हाई, सरळ जाऊन डोळं तपासलो." नातवाला घेऊन एकटी गेली होती, मामांना घरी आल्यावर कळलं. साठी ओलांडलेली बाई, आणि स्वतःच्या शरीरासाठी स्वतःच्या पैशानं, न विचारता घेतलेली ही तिची पहिली वस्तू. चष्म्याची डबी ती देवाच्या फळीवर ठेवते.

मी खूप विचार केला ह्याच्यावर. दोघी खऱ्या आहेत, आत्तीही आणि वडगावच्या त्या बाईही. आत्तीकडे विडीचा आठवड्याचा पैसा आहे, मुलगा थोडंफार देतो, रेशन आहे, म्हणजे तिचं घर त्या दोन हजारांची वाट बघत चुलीपाशी अडून बसत नाही. तिला थांबता येतं. थांबता येणाऱ्याला उशिरा आलेले पैसे एकगठ्ठा मिळतात, त्याची वस्तू होते, मिक्सर होतो, शिलाई मशीन होतं, आमच्याच जिल्ह्यातल्या एका आजींनी साठवलेल्या हप्त्यांतून गावाला पुरणपोळीचं जेवण घातलं ते पेपरातही आलं होतं. आणि ज्या घरात त्या दोन हजारांना पाच तारखेचं दूध आणि दहा तारखेचा हप्ता आधीच लावून ठेवलाय त्या घराला थांबता येत नाही, ते घर मध्ये कुणाकडून तरी घेतं, आणि पैसे आले की त्यातून व्याज आधी जातं. सरकारी कागदावर दोघींना मिळालेली रक्कम एकच. माझ्या काउंटरवरून बघितलं तर एकीला दोन हजार मिळाले आणि एकीला त्याहून कमी.

आणि मध्ये देणारे कोण असतात ते आपल्याकडे सगळ्यांना माहिती आहे. फायनान्सवाले. दहा-दहा बायकांचा गट, आठवड्याची मीटिंग ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी, कुणाच्या तरी ओट्यावर सतरंजी घालून. मी खानापूरकडच्या एका गावात पाहुण्यांकडे गेले असताना बघितलं, दहा वाजता मोटारसायकल यायची होती आणि पावणेदहालाच बायका जमलेल्या, शेतातनं आलेल्या, पायाला चिखल, पदरात नोटा घट्ट. एकीचे कमी पडत होते तर बाकीच्या नऊजणी आपापसात काढून भरत होत्या आणि तिच्याकडे बघायचं टाळत होत्या. तो पोरगाही पंचविशीतला, त्याच्यावरही वसुलीचं टार्गेट. 2025 च्या सुरुवातीला ह्या वसुलीच्या छळाच्या बातम्या राज्यभरातून इतक्या यायला लागल्या की फेब्रुवारीत सरकारला जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. चांगलं केलं. पण त्या बायका तिथं का बसल्या होत्या? हौसेनं कुणी बसत नाही. कर्ज ठरलेल्या दिवशी मिळतं, हे त्याचं खरं आकर्षण आहे. आज फॉर्म भरला तर अमुक दिवशी पैसे, शब्द मोडत नाहीत. महाग आहे, पण वेळेवर आहे.

आमची पिग्मीसुद्धा शेवटी त्याच्यावरच उभी राहिली. 1928 साली उडुपीला टी. एम. ए. पै यांनी ती सुरू केली, रोज दोन आणे गोळा करायला माणूस दारात जायचा, त्यांची संस्था पुढं सिंडिकेट बँक झाली, ती आता 2020 पासून कॅनरा बँकेत गेली. पण पिग्मी राहिली, बेळगावात आणि पलीकडे कोल्हापूर-सांगलीतही गल्लोगल्ली. आमच्या पिग्मी गोळा करणाऱ्या काकांना मी एकदा विचारलं होतं की लोक बँकेत एवढ्या सोयी असताना तुम्हाला का देतात, तर म्हणाले, मी पाच वाजता येतो म्हणून. पावसाळ्यात रेनकोट घालून, सणाला सुद्धा, पाच म्हणजे पाच. भाजीवाली पाचला त्यांच्यासाठी वीस रुपये गल्ल्यातून काढून पाटीखाली ठेवते. हल्ली मात्र ते सांगतात की पन्नास टाकणारे वीसवर आलेत आणि वीस टाकणारे "उद्या या" म्हणायला लागलेत, आणि मुदतीआधी मोडणारे माझ्या काउंटरवर दिसतातच. मी कुठला आकडा देत नाही, एका छोट्या सोसायटीतलं बघितलेलं लिहितेय. पण ज्या हातांना रोज वीस रुपये बाजूला ठेवायची सवय होती ते हात ढिले पडलेत, आणि ते उधळेपणानं नाही.

7 मार्च 2025 ला मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी कर्नाटकचा, त्यांचा सोळावा, अर्थसंकल्प मांडला, 4 लाख 9 हजार कोटींच्या वर. गृहलक्ष्मी, बायकांना फुकट बस अशा गॅरंटी योजनांना 51,034 कोटी, त्यातले 28,608 कोटी एकट्या गृहलक्ष्मीला. मी संध्याकाळी घरी बातम्या बघताना सवयीनं बारानं भागलं, महिन्याला 2,384 कोटी. एवढी रक्कम दर महिन्याला एकाच दिवशी काढून सव्वा कोटीच्या आसपास बायकांच्या खात्यात टाकणं सोपं नाही हे मला कळतं, मी स्वतः हिशोबाच्या कामात आहे. तिजोरीत पैसा महिनाभर थोडाथोडा येतो, जीएसटीचा एकदा, दारूचा रोज, पगार-पेन्शन मात्र ठरल्या दिवशी द्यावेच लागतात, मग जे पुढं ढकलता येतं ते ढकलतात. तेच तर माझ्या आईचंही चालायचं. फरक एवढाच की आईनं ज्याचे पैसे पुढं ढकलले त्याला ती वही घेऊन जाऊन सांगायची, इतक्या तारखेला देते.

2025 च्या डिसेंबरात बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं तेव्हा ह्याच हप्त्यांवरून गदारोळ झाला, फेब्रुवारी आणि मार्चचे पैसे खात्यात पडले की नाही यावर. खात्याच्या मंत्रीही आमच्याच बेळगाव ग्रामीणच्या आमदार. अधिवेशन म्हणजे आपल्यासाठी हायवेवर पोलीस, लॉज फुल्ल, आणि रोज कुणाचा तरी मोर्चा, 2012 ला ती इमारत झाली तेव्हापासून सवय झालीय. पण यावेळी सभागृहात जे चाललं होतं ते मी एरवी काउंटरवर ऐकते तेच होतं, आले का, कुठल्या महिन्याचे आले, मधले कुठं गेले. फक्त तिकडे ते रेकॉर्डवर गेलं. माझ्या त्या वडगावच्या बाई तिथून अगदी जवळ राहतात.

जे लोक म्हणतात ना की फुकटचं वाटून लोकांना आळशी केलं, त्यांच्याशी मी आता वाद घालत नाही, पण मला राग येतो. खरंच येतो. विडी वळणारी, मागावर कांड्या भरणारी, दुसऱ्याच्या घरची भांडी घासून आपल्या घरी भाकरी थापणारी बाई आळशी झाली असं म्हणायला जीभ कशी वळते. आणि दुसऱ्या बाजूनं, आम्ही दिले म्हणून होर्डिंगवर फोटो लावणाऱ्यांचाही राग येतो, कारण तेच पैसे कुठल्या दिवशी देणार हे त्या होर्डिंगवर कधी नसतं. तांदळाचंही तसंच बघा. माणशी पाच किलोऐवजी 170 रुपये खात्यात येत होते, मग 2025 च्या फेब्रुवारीपासून परत तांदूळ, माणशी दहा किलो. आमच्याकडे निपाणी-चिकोडीकडे जोंधळ्याची भाकरी लागते, पाच माणसांच्या घरात महिन्याला पन्नास किलो तांदूळ कोण खाणार. आत्तीच्या घरी कोपऱ्यात पोतं, इडल्या-डोसे घालून घालून मुलं कंटाळलेली. तरीही तिला पैशापेक्षा तांदूळच बरा वाटतो. का, तर रेशनवाला महिन्यातून कुठल्या आठवड्यात वाटतो हे तिला माहीत आहे, आणि पोतं घरात दिसतं.

ऊसवाल्यांचं मला ह्याच्यात फार शिकण्यासारखं वाटतं. 2025 च्या नोव्हेंबरात ते आमच्या जिल्ह्यातल्या गुर्लापूरला रस्त्यावर बसले, टनाला 3500 मागितले, 3300 वर मिटलं. पेपरात ती रकमेची लढाई म्हणूनच आली. पण माझे चुलते अथणीकडे ऊस लावतात, ते बोलायला लागले की रकमेपेक्षा जास्त वेळ बिलावर बोलतात. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात स्पष्ट आहे, ऊस घातल्यापासून चौदा दिवसांच्या आत पैसे, नाहीतर पंधरा टक्के व्याज. पाळलं जातं असं नाही, चुलत्यांना विचारा. पण कायद्यात चौदा लिहिलंय म्हणून पंधराव्या दिवशी उठून विचारता येतं, माझे पैसे कुठं आहेत, हा हक्काचा प्रश्न होतो. बाईच्या दोन हजारांना असा चौदावा दिवस कुठंच लिहिलेला नाही, म्हणून तिनं विचारलं की ती मागतेय असं दिसतं. काउंटरवर सुद्धा त्या बायका आवाज खाली घेऊन विचारतात, मी बघते. ऊसवाला माझ्या काउंटरवर आला की जोरात विचारतो.

यावर्षी हळदीकुंकवाला गल्लीत चार घरी गेले. वाण बघून महागाई कळते असं माझी सासू म्हणायची, पूर्वी स्टीलची वाटी, मग प्लास्टिकचा डबा, यंदा दोन घरी दहा रुपयांची साबणवडी आणि एका घरी मुठीएवढ्या पिशवीत तूरडाळ. डाळीचं वाण मला सगळ्यात आवडलं, कुणाच्याही घरात खपेल असं. तिळगूळ खाता खाता विषय शेवटी तिथंच, तुमचे आले का. एकीच्या सुनेनं तोंड बारीक केलं, कारण इकडे पैसे रेशनकार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला, म्हणजे बहुतेक घरांत सासूला. सुनेनं फॉर्म भरून द्यायचा, मोबाईलवर मेसेज बघून सांगायचा, आणि पैसे सासूच्या खात्यात. कागलला उलटं, तिकडे वय 21 ते 65, त्यात सून आधी बसते. धाकट्या आत्तीच्या घरी सुनेचं स्वतःचं खातं झालं आणि त्या घरातल्या बोलण्याचा सूर बदलला, सून आता बाजारातनं येताना सासूला विचारते, तुम्हाला काय आणू. एकाच आईच्या दोन लेकी, एकीच्या घरात सासूचा हात वर झाला, दुसरीच्या घरात सुनेचा, आणि ते ठरवलं कुणी तर बेंगळुरू आणि मुंबईत बसून नियम लिहिणाऱ्या कुणीतरी, ज्यांनी ह्या दोन चुली कधी बघितल्या नसतील.

आता परत मार्च येईल, दोन्ही राज्यांची बजेटं येतील, मी ऐकणारच आहे. मला रक्कम वाढावी असं वाटत नाही असं नाही, लाडक्या बहिणीचे 2100 होणार म्हणून निवडणुकीत सांगितलं होतं ते धाकट्या आत्तीच्या लक्षात आहे. पण माझी मागणी त्याहून साधी आहे. त्या जाड पुस्तकात योजनेच्या नावापुढे एक तारीख छापा. महिन्याची पाच म्हणा, दहा म्हणा, वीस म्हणा, आणि त्या दिवशी नाही पडले तर काय, तेही लिहा, ऊसवाल्यांच्या कायद्यात लिहिलंय तसं. जास्तीचा एक रुपया लागणार नाही असं मी म्हणत नाही, तारीख पाळायची तर तिजोरीला आधी बाजूला काढून ठेवावं लागेल, पोह्यांच्या डब्यात ठेवल्यासारखं. लागू दे की.

धाकट्या आत्तीला ह्या जूनमध्ये 65 पूर्ण होतात. तिकडच्या नियमाप्रमाणे मग तिचे बंद. परवा फोनवर मी जरा चाचरतच विषय काढला, तर तिनं सगळं आधीच लावून टाकलेलं. "जूनचं शेवटचं, ते आलं तर आलं. बीपीच्या गोळ्या जुलैपासनं सुनेच्या पैशातनं, तिला सांगून ठेवलोय, ती व्हय म्हणालीय. भिशीतनं मेमध्ये बाहेर पडतो, माझ्या जागी शेजारीण येणार हाय. आणि अक्काला सांग, तिच्याकडं मेमध्येच येऊन ऱ्हातो आठ दिवस, नंतर तिकिटाला परत हात पसरायला नको." मग म्हणाली, तुझ्या सोसायटीत पिग्मी काढायची तर रोज किती टाकावे लागतात ते विचारून ठेव, दहा चालतील का.